मेमरी कार्ड भरून मिळेल : मराठवाड्याच्या खिशातल्या गाण्यांची पार्श्वभूमी

खिशात मावणाऱ्या डिजिटल प्लेअरचा इतिहास कुठेही वाचा, तो वॉकमनपासून सुरू होतो, ॲपलच्या आयपॉडपाशी रेंगाळतो आणि स्मार्टफोनवर येऊन संपतो. मराठवाड्यात आयपॉड हाताळलेली माणसं शोधावी लागतील. आमच्याकडे हे यंत्र आलं ते बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानातून, नखाएवढ्या कार्डावर. काचेवर पाटी चिकटवलेली असायची, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. साधारण २००८ ते २०१६ या काळात केज असो की कंधार, जिंतूर असो की औसा, तालुक्याच्या गावात ही पाटी हमखास दिसायची. तिच्यामागे जर्मनीतलं संशोधन आहे, जपानी चिप आहे, अमेरिकेतला कोर्टकज्जा आहे, चीनचा बाजार आहे आणि आमचं भारनियमनही आहे.

सुरुवात कॅसेटपासून करावी लागते. फिलिप्सने ती १९६३ साली आणली. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला. भारतात कॅसेटचं खरं राज्य १९८०च्या दशकात सुरू झालं. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने किंमत पाडली आणि तबकडीचा खर्च ज्यांना कधीच झेपला नसता असे गायक, शाहीर, कीर्तनकार बाजारात आले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ हे सगळं इथे घरोघरी पोचलं ते कॅसेटवरूनच. १४ एप्रिलच्या तोंडावर नवी भीमगीतं, नवरात्राच्या आधी तुळजाभवानीची गाणी, असा त्या दुकानांचा हंगाम ठरलेला असे. वॉकमन मात्र आमच्याकडे फारसा रुजला नाही. टेपरेकॉर्डर होता, आणि तो काळीपिवळी जीपमध्ये, पिठाच्या गिरणीत, कटिंगच्या दुकानात वाजायचा. गाणं कानात घालून एकट्याने ऐकायचं असतं हे इथे कुणाला फारसं पटलेलं नव्हतं. पुढे मोबाईल घेताना गिऱ्हाईक आधी स्पीकरचा आवाज का तपासायचं, याचं उत्तर त्यातच आहे.

आता डिजिटल म्हणजे काय ते. हवेतला आवाज ही सलग लाट असते. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या आकड्यात लिहायचं, असं ठरलं. डावा-उजवा असे दोन आवाज धरले की सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट होतात. म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. चकतीवर हे ठीक आहे, पण १९९०च्या आसपासच्या चिपवर एवढी माहिती ठेवायची म्हणजे सोन्याच्या भावाचा मामला. केन क्रेमर या ब्रिटिश तरुणाने १९७९ सालीच चिपवरून गाणं वाजवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. त्यात साडेतीन मिनिटांचं एकच गाणं बसत होतं. पेटंट चालू ठेवायला पैसे जमले नाहीत आणि १९८८ साली त्याचा हक्क गेला.

कोंडी फोडली ती आकडे कमी करण्याच्या युक्तीने. जर्मनीत एर्लांगन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी माणसाच्या कानाच्या मर्यादांवर काम करत होते. दिंडीत पखवाज आणि टाळ जोरात चाललेले असताना शेजारच्याने हळू म्हटलेला शब्द आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या सुराचा लहान आवाज झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? त्यांच्या कामातून आलेल्या एमपीथ्री या पद्धतीचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा निरनिराळ्या सुरांच्या पट्ट्यांत वाटायचा, कुठला पट्टा कुणाच्या आड दडतो याचा हिशेब करायचा आणि दडलेल्या पट्ट्यांवर कमीत कमी बिट खर्च करायचे. एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. असं केल्यावर सेकंदाला १,२८,००० बिटांत, म्हणजे सीडीच्या अकराव्या हिश्शात काम भागतं. मिनिटाला जवळजवळ १ एमबी. हे मानक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मान्य झालं. फाइलच्या नावामागची ‘.एमपी३’ ही शेपटी १४ जुलै १९९५ रोजी ठरली.

या पद्धतीचा एक दोष आमच्या संगीताला फार जाचतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एमपीथ्री तुकड्यातुकड्याने चालतं. तुकड्याच्या मधोमध अचानक टणक आघात झाला, तर बिट वाचवल्यामुळे राहिलेली खरखर त्या तुकड्यात मागेपुढे पसरते आणि आघाताच्या आधीच ऐकू येते. हा दोष तपासायला युरोपात कॅस्टनेट हे वाद्य वापरत. आपल्याकडे त्याला सर्वांत जवळच्या म्हणजे चिपळ्या. हलगी आणि संबळही याच जातीची. टाळांचा त्रास वेगळा. त्यांचा झणकार वरच्या सुरांत पसरलेला, गोंगाटासारखा असतो, आणि त्यावर बिट भराभर खर्च होतात. त्यामुळे १२८ च्या, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिटांच्या, फाइलीत १६ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं कापलेलं असे. जागा वाचवायला ६४ वर बनवलेलं भजन ऐकलं की टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे का वाटायचे, ते यामुळे. बायका-पोरांचा आवाज स्वच्छ आणि टाळ मात्र चुळबुळणारे, अशा कितीतरी फाइली अजून फिरत आहेत.

फाइल लहान झाली. आता ती ठेवायला जागा हवी. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी विकसित केली. तिचा आज सगळीकडे वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. यात विजेचा भार एका सूक्ष्म कप्प्यात अडकवून ठेवतात. कप्प्याभोवती विद्युतरोधक थर असल्यामुळे बॅटरी काढली तरी भार तिथेच राहतो. फिरणारा एकही भाग नाही. आमच्या रस्त्यांवर हे महत्त्वाचं ठरलं. जीपमध्ये सीडी लावली की खड्ड्यागणिक गाणं उड्या मारायचं, कार्डावरच्या गाण्याला खड्ड्यांचं काही वाटत नाही.

प्लेअर म्हणजे या दोन गोष्टींची जोडणी. गाणं लावलं की प्रोसेसर फाइलीचे तुकडे एकामागून एक उचलतो, त्यांतून मूळच्यासारखे आकडे पुन्हा तयार करतो आणि थोडे पुढचेही तयार ठेवतो. एक परिपथ त्या आकड्यांची पुन्हा विजेची सलग लाट करतो, छोटा ॲम्प्लिफायर ती इअरफोनपर्यंत ढकलतो. बारीक करण्याचं काम अवघड, उलगडण्याचं सोपं. म्हणून उलगडणारी चिप स्वस्त होऊ शकली आणि एका सेलवर तासन् तास चालू शकली.

पहिला विकाऊ प्लेअर दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन, १९९८ सालचा. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला. दोन्हींत ३२ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. इंदोरीकर महाराजांच्या कीर्तनाची प्रस्तावनाही त्यात संपली नसती. पण ध्वनिमुद्रण कंपन्या घाबरल्या आणि रिओविरुद्ध कोर्टात गेल्या. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की संगणकावरून गाणं उतरवून घेणारं हे यंत्र कायद्यातल्या डिजिटल रेकॉर्डरच्या व्याख्येत बसत नाही. निकाल उलटा लागला असता तर पुढचा सगळा धंदाच अडला असता. मग २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने ५ जीबीचा आयपॉड दाखवला. त्यात चिप नव्हे तर तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती. त्याचं मुख्य डोकं पोर्टलप्लेअर या कंपनीचं, आणि त्या कंपनीच्या अभियंत्यांची एक फळी हैदराबादेत बसलेली. नांदेडहून रात्रीच्या गाडीने सकाळी जिथे पोचतो त्या शहरात आयपॉडचं काम चाललं होतं, आणि नांदेडात तो कुणाच्या खिशात नव्हता!

आमच्याकडे तेव्हा एमपीथ्री सीडीचा जमाना होता. एका चकतीत दीडशे गाणी, चिनी व्हीसीडी प्लेअरवर चालणारी. हातात धरता येईल असं काही नव्हतं. ते आणलं मायक्रोएसडी कार्डाने. सॅनडिस्कने हे कार्ड २००४ साली काढलं, वर्षभरात ते मानक झालं. तैवानच्या मीडियाटेकने फोनची जवळजवळ सगळी कामं एका चिपमध्ये बसवून दिली आणि चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांनी त्यावर मोठ्या स्पीकरचे स्वस्त फोन काढले. सगळे त्यांना ‘चायना मोबाईल’ म्हणत. त्याच सुमारास २००८ साली मायक्रोमॅक्सने महिनाभर बॅटरी टिकेल असं सांगत एक्सवनआय हा फोन आणला. ज्या गावांत दिवसाला दहा-बारा तास लाईट नसायची तिथे ही जाहिरात कुणाला समजावून सांगावी लागली नाही. टीव्ही बंद, मिक्सर बंद, विहिरीवरची मोटर बंद, पण खिशातला फोन गातोय. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय हा प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक नसलेले फोन सरकारने नेटवर्कवरून बंद केले. काहींनी पैसे भरून क्रमांक टाकून घेतला. बाकीच्या फोनांवरून बोलणं थांबलं, गाणी थांबली नाहीत. आमच्याकडचे पहिले निव्वळ म्युझिक प्लेअर हे असे तयार झाले, हे गमतीनं म्हणतो, पण खोटं नाही.

आणि मग ते दुकान. एक संगणक, त्यावर फोल्डर: भीमगीत, भजन, गोंधळ, कव्वाली, हिंदी जुने, डीजे. गिऱ्हाईक फोनची पाठ उघडून, बॅटरी काढून कार्ड काढून देणार, दुकानदार ते रीडरमध्ये घालून विचारणार, ‘कोणते टाकू?’ उत्तर बहुतेकदा, ‘टाक तुझ्या मनानं.’ दहा-वीस रुपयांत कार्ड भरायचं. २ जीबीच्या कार्डात १२८ च्या दराने सुमारे ३४ तास बसतात. जुने फोन त्याहून मोठं कार्ड वाचतच नसत, कारण ४ जीबीपासून पुढे कार्डाचं मानकच बदलतं. म्हणून २ जीबी हेच चलनी नाणं होतं. आठवडी बाजारात ८ जीबी म्हणून विकलेली बनावट कार्डंही मिळत. आत जागा १ जीबी आणि चिपला खोटं बोलायला शिकवलेलं. सगळं भरलेलं दिसायचं, पण ठरावीक गाण्यापुढे नुसती शांतता.

कायद्याने बघितलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवान्याशिवाय हा धंदा बेकायदा होता, यात वाद नाही. पण कुठलं गाणं परळीत वाजेल आणि कुठलं खुलदाबादेत, हे त्या पोराला जितकं कळत होतं तितकं मुंबईच्या कंपनीला कळत नव्हतं. भारूड, कलापथक, गावच्या सप्ताहातलं कीर्तन असल्या ज्या कॅसेटी कुठल्याही कंपनीने पुन्हा काढल्या नाहीत, त्या अशाच दुकानांतल्या संगणकांवर उतरल्या आणि तेवढ्यामुळे टिकल्या.

स्वस्त प्लेअरची एक खोड मंदिरांच्या स्पीकरवर अजून ऐकू येते. कार्डावर फाइली ज्या क्रमाने उतरल्या त्याच क्रमाने तो वाजवतो, नावं पाहतच नाही. त्यामुळे पहाटे काकडा संपायच्या आत शेजारती सुरू होते. उपाय एकच, कार्ड रिकामं करून फाइली एकेक करून हव्या त्या क्रमाने टाकायच्या. नावं देवनागरीत असली तर पडद्यावर नुसते चौकोन दिसत, म्हणून ‘विठ्ठल’ रोमन लिपीत लिहायची पद्धत पडली ती पडलीच.

या कार्डांना सर्वांत जास्त जपलं ते ऊसतोड कामगारांनी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या बीड जिल्ह्यातून निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, फडात राहतात. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाईट नसते. फोन चार्ज करायला कारखान्याच्या रस्त्यावरचं हॉटेल गाठावं लागतं. नेटवर्क असलं तर असलं. निघण्याआधी कार्ड भरून घेणं ही त्यांच्या तयारीतली एक बाब होती, तेलमीठासारखीच. ट्रॅक्टरवर लावलेला बॉक्सही पेनड्राइव्हवरच चालायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, पाट्या उतरल्या. एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपीथ्रीची परवाना-योजनाही बंद केली, कारण पेटंटांची मुदत संपत आली होती. आता ही पद्धत वापरायला कुणाला काही द्यावं लागत नाही. ॲपलने शेवटचा आयपॉड मे २०२२ मध्ये थांबवला. कार्डाची खाच असलेले बटनांचे फोन मात्र अजून विकले जातात.

घरात जुनी कार्डं पडली असतील तर एक गोष्ट माहीत असलेली बरी. फ्लॅशच्या कप्प्यातला भार कायमचा नसतो, वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या कार्डातून तो हळूहळू गळतो. ज्या सप्ताहाचं कीर्तन दुसरीकडे कुठेच नाही, ते संगणकावर उतरवून ठेवावं, आणि उतरवताना पुन्हा एमपीथ्री करू नये, फाइल जशी आहे तशीच घ्यावी. प्रत्येक नव्या कापणीत टाळ आणखी थोडे जातात.