रस्ता दीडशेचा, पाटी एकशेवीसची

समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखला, मग पाटीवर १२० का? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असं असतं की वरचे तीस सरकारनं उगाच कापून घेतले.

पण १५० हा आकडा तुमच्या गाडीचा नाहीच, रस्त्याच्या भूमितीचा आहे. आखणी करताना अभियंते आधी एक वेग धरतात आणि वळण किती पसरट, चढाचा माथा किती सपाट, हे त्यावरून काढतात. वळणावर गाडीला आत ओढून धरणारं बल वेगाच्या वर्गानुसार वाढावं लागतं. वेग १२० वरून १५० धरला, म्हणजे फक्त सव्वापट केला, तरी बाकी सगळं तेच ठेवून वळणाची त्रिज्या दीडपटीहून जास्त घ्यावी लागते. ब्रेक लागल्यावर गाडी थांबेपर्यंतच्या अंतराचंही तसंच. शिवाय अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. १५० च्या वेगात तेवढ्यात गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते!

या हिशेबात अडथळा दिसतो, हे गृहीतच धरलेलं आहे. टायर गुळगुळीत झालेत का, चालकाला पहाटेची डुलकी लागलीय का, हे तर भूमितीला विचारायचंच नाही.

ब्रिटनमध्ये एम-वन मोटरवे २ नोव्हेंबर १९५९ रोजी खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. दोन दिशांच्या मधल्या पट्ट्यात कठडेही नव्हते. १९६४ मध्ये एसी कार्स कंपनीनं शर्यतीची गाडी तिथं ताशी १८५ मैलांनी, म्हणजे जवळजवळ ३०० किलोमीटरनी पळवून पाहिली. कायदा काही मोडला नव्हता, कारण मोडायला कायदाच नव्हता.

मग १९६५ च्या हिवाळ्यात दाट धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या. रस्त्याची वळणं होती तशीच होती, फक्त पुढचं दिसत नव्हतं. वाहतूकमंत्री टॉम फ्रेझर यांनी २२ डिसेंबरपासून ताशी ७० मैलांची (सुमारे ११३ किलोमीटर) मर्यादा घातली, तीही चार महिने प्रयोग म्हणून. त्यांच्या जागी आलेल्या बार्बरा कॅसल यांनी १९६७ मध्ये ती कायम केली. या बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. मोटारवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं.

धुक्यानं आणलेले ते ७० मैल ब्रिटनमध्ये आजही लागू आहेत, स्वच्छ उन्हातसुद्धा.