खर्रा अन्न की तंबाखू? एका बंदीची पार्श्वभूमी

पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली आणि पानाच्या डब्यात चुना-सुपारीशेजारी जाऊन बसली, हे सर्वांना ठाऊक आहे. नागपूरच्या खर्ऱ्याचा, म्हणजे ठेल्यावर घोटून मिळणाऱ्या सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाचा, आजचा पेच मात्र २००२ पासूनचा.

त्या वर्षी राज्याने १९५४ च्या अन्नभेसळ कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ मध्ये ती न्यायालयात टिकली नाही. तात्पुरत्या, स्थानिक धोक्यासाठी दिलेला अधिकार राज्याला इतका ताणता येणार नाही, असं ठरलं. दरम्यान २००३ मध्ये तंबाखूचा केंद्रीय कायदा आला. त्यात जाहिरातीवर, विक्रीच्या वयावर बंधनं आहेत, पण विक्री बंद करा असं तो म्हणत नाही.

मग सगळं 'अन्न' या एका शब्दावर येऊन अडलं. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायला मनाई झाली. म्हणजे गुटखा अन्न ठरला तरच तो बंद करता येतो. नुसती तंबाखू म्हटली की तो २००३ च्या कायद्याकडे जातो आणि सुटतो. जुलै २०१२ मध्ये राज्याने पहिली वाट धरून गुटख्यावर बंदी घातली, वर्षभराने सुगंधित तंबाखू आणि सुपारीही यादीत आली. आदेश एकेका वर्षाचा, म्हणून दरवर्षी नव्याने काढायचा. कंपन्यांनी मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातली, मिसळायचं काम गिऱ्हाइकावर सोडलं.

नागपुरात ही युक्ती कुणी शिकवायची गरजच नव्हती. खर्रा कारखान्यात होत नाही. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून तळहाताने घोटतात, रबर लावतात, पुडी खिशात जाते. बंदीनंतर ठेले तसेच राहिले, सुगंधित तंबाखू फक्त काउंटरखाली गेली. माझ्या मते या शब्दाच्या भांडणात सोडू पाहणारा माणूसच बाजूला पडला. त्याला पोलिसांच्या धाडीपेक्षा दुपारच्या चहानंतरचा अर्धा तास अवघड असतो.

चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं, म्हणून तलफ इतकी पक्की. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, चिडचिड होते, झोप उडते. पुढे तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, तेवढ्या वेळापुरतं ठेल्यापासून दूर राहायचं असतं. २०१६ पासून १८००-११-२३५६ या टोल-फ्री क्रमांकावर समुपदेशनही मिळतं.

अनेक जण तंबाखू सोडून 'साध्या' सुपारीवर येतात आणि सुटलो असं समजतात. गालाची त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः सुपारीने, आणि तंबाखूविना सुपारीही कर्करोग करते, हे २००४ पासून जागतिक पातळीवर मान्य आहे. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जायला हवं.