कालच तर जमलं होतं!

डिसेंबरातल्या एका रविवारी इंदूरच्या रामबागेत ताईकडे गेलो, तर डायनिंग टेबलावर गणिताची वही पंचनाम्याला ठेवावी तशी उघडी पडलेली. भाचा सहावीत आहे. पानावर दहा गणितं. पहिली तीन रेखीव अक्षरात आणि बरोबर. चौथं वहीत उतरवतानाच ४६ चे ६४ झालेले. पाचव्यात 'म्हणून' असं लिहून पुढे काहीच नाही. समासात मात्र कॅरमचा स्ट्रायकर काढलेला, तोही सावलीसकट. सातवं नळ आणि टाकीचं, सगळ्यांत अवघड. ते तीन ओळींत सुटलेलं, तेही ट्यूशनच्या सरांपेक्षा सोप्या रीतीने. नववं राहूनच गेलेलं, कारण ते "दिसलंच नाही."

"बघ दादा, याला सातवं येतं आणि चौथं येत नाही? कालच तर ही सगळी जमली होती. मुद्दाम करतो हा," ताई म्हणाली.

"मोबाइल, दुसरं काही नाही," ताईच्या सासूबाईंनी आतूनच निकाल दिला.

या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि चळवळेपणा आवरायला अवघड जाण्याची अवस्था, आहे हे दोन वर्षांपूर्वी रीतसर निदान होऊन कळलेलं आहे. कागद फायलीत आहे. पण फायलीतला कागद आणि संध्याकाळी सात वाजताची गणिताची वही यांची भेट आपल्या घरांत फारशी होत नाही. 'कालच तर जमलं होतं' हे वाक्य मी इंदूरच्या निदान पाच-सहा मराठी घरांत ऐकलंय, आणि दर वेळी ते आळशीपणाचा पुरावा म्हणून. माझं म्हणणं असं, की हे वाक्य फिर्यादी पक्षाचं नाहीच, ते बचावाच्या बाजूचं आहे. काल जमणं आणि आज न जमणं, सातवं सुटणं आणि चौथं चुकणं, हा चढउतारच मुळी या अवस्थेचा गाभा आहे.

नावानेच पहिला घोटाळा केलाय. १९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा त्याने दोष नैतिक संयमात शोधला. मानसिक विकारांच्या १९६८ च्या अमेरिकन वर्गीकरणात भर होता चळवळेपणावर. १९८० मध्ये 'लक्षाची कमतरता' हे शब्द आले आणि १९८७ मध्ये आजचं नाव. कमतरता म्हटलं की टाकीत पाणी कमी असल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. मग आजी विचारतात, "क्रिकेट बघताना पाच तास कुठून येतं लक्ष?" प्रश्न बिनतोड आहे. टाकीत पाणी भरपूर आहे, नळाची चकती मात्र मनासारखी फिरत नाही. (आपली भाषा यात जरा पुढे होती. मराठीत 'चळवळ्या' वेगळा आणि 'वेंधळा' वेगळा. वर्गीकरणाच्या पुस्तकांना हे दोन प्रकार नीट वेगळे करायला बराच वेळ लागला.)

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. मुलाला संगणकासमोर बसवतात. पडद्यावर डावा बाण आला की डावी कळ दाबायची, उजवा आला की उजवी. असं शेकडो वेळा. कंटाळवाणंच काम आहे, आणि ते तसंच असायला हवं. एडीएचडी असलेल्या मुलांचा सरासरी वेळ थोडा जास्त निघतो, म्हणून आधी वाटलं की ही मुलं संथ आहेत. पण सरासरी ही मोठी लबाड बाई. प्रत्येक दाबाचा वेळ सुटा मांडला तर दिसतं, की बहुतेक वेळा ही मुलं इतरांइतकीच चपळ असतात. मधूनच एखादा दाब दुप्पट-तिप्पट उशिरा पडतो. आलेख काढला तर टेकडी इतरांच्या जागीच उभी असते, उजवीकडे मात्र लांब शेपूट निघतं. शेपूट बाजूला काढून मोजलं तर वेगातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. २०१३ साली अशा ३१९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि या क्षेत्रात क्वचितच मिळतो इतका ठाम सूर त्यातून निघाला: वेग तोच आहे, पण घडी विस्कटलेली आहे.

पुढचा प्रश्न असा, की हे उशिराचे दाब कधीही येतात की त्यांना काही ताल आहे? काही प्रयोगांत ताल सापडला. साधारण वीस सेकंदांना एक लाट, म्हणजे ०.०५ हर्ट्झच्या आसपास. हा आकडा बघून मेंदूची चित्रं काढणाऱ्यांचे कान टवकारले, कारण इतक्याच संथ लाटा त्यांना दुसरीकडे भेटल्या होत्या.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो, आणि आपण नुसते बसून असलो तरी खातो. २००१ मध्ये मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही काम नसताना मेंदूचे ठरावीक भाग एकत्र जागे असतात: कपाळामागचा मधला पट्टा, आणि मागच्या बाजूला दोन अर्धगोलांमधला भाग. याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. मी त्याला ओटा म्हणतो. जुन्या वाड्याबाहेर ओट्यावर बसून कालचं भांडण, उद्याचं लग्न, 'तो मला असं का म्हणाला' यावर गप्पा चालतात, तसं. काम आलं की ओट्यावरची मंडळी गप्प होतात आणि आतली कामकरी मंडळी उठतात. एक जाळं वर, दुसरं खाली, सी-सॉच्या दोन टोकांसारखं.

एडीएचडीमध्ये ओटा पुरता गप्प होत नाही, असं २००७ मध्ये सोनुगा-बार्क आणि कॅस्टेलॅनोस यांनी मांडलं. हातात गणित असतानाही ओट्यावरून संथ लाटांमध्ये गप्पा आत येत राहतात. लाट वर आली की ४६ चे ६४ होतात. लाट खाली असली की नळ-टाकी तीन ओळींत सुटते. मुलाला लाट आलेली कळत नाही. त्याच्या लेखी नववं गणित पानावर नव्हतंच.

यापुढचा पुरावा मला फार आवडतो. २०११ साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या मुलांना स्कॅनरमध्ये झोपवून असाच दाबादाबीचा खेळ दिला. एडीएचडीची गोळी न घेतलेली मुलं आणि गुण कमी, असं असताना ओटा नीट शांत झाला नाही. खेळात मिळणारे गुण वाढवले, तर त्याच मुलांचा, गोळीशिवाय, ओटा इतर मुलांसारखा गप्प झाला. आणि मिथाइलफेनिडेट ही गोळी घेतल्यावर गुण कमी असोत की जास्त, शांतता टिकली. आजींच्या क्रिकेटचं उत्तर इथे आहे. मोबदला आत्ता, डोळ्यांसमोर, दर चेंडूला मिळत असेल तर चकती फिरते. मोबदला मार्चमधल्या प्रगतिपुस्तकात असेल तर फिरत नाही. इतरांचा मेंदू मार्चच्या उधारीवर काम करतो, या मुलांना दुकानदार उधारी देत नाही. याला 'इच्छाशक्ती नाही' म्हणणं म्हणजे चष्म्याचा नंबर असलेल्याला डोळे ताणून बघ म्हणण्यासारखं आहे. थोडा वेळ जमतंही, आणि तीच पंचाईत. कारण मग 'बघ, जमलं की!'

या सगळ्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा वाटा आहे. मेंदूच्या मध्यभागी, तळाशी, डोपामिन बनवणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके असतात आणि त्यांचे धागे पुढे कपाळापर्यंत जातात. एका पेशीने डोपामिन सोडलं की ते परत शोषून घेणारे पंप असतात. मिथाइलफेनिडेट हे पंप अडवतं, त्यामुळे सोडलेला रेणू थोडा जास्त वेळ कामावर राहतो. याच मध्यमेंदूच्या नावाने आपल्याकडे 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले होते: डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचायची आणि पालक हजारो रुपये मोजायचे. मुलं नाकाच्या फटीतून बघत होती. मध्यमेंदूने काही केलं असेल तर एवढंच, की फट शोधल्याबद्दल मुलांना शाबासकीचं डोपामिन दिलं. आता तीच गंमत 'डोपामिन डिटॉक्स' नावाने मोठ्यांना विकतात. डोपामिन हे विष नव्हे. ते अंगातून काढून टाकलं तर हातही हलवता येणार नाही. पार्किन्सन झालेल्यांना विचारा.

आणखी एक गैरसमज डॉक्टरांच्या दारातही ऐकू येतो: गोळीने फरक पडला म्हणजे एडीएचडी होताच. तसं नाही. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपपोर्ट यांनी कसलीही तक्रार नसलेल्या मुलग्यांना याच जातीचं औषध एकदा देऊन पाहिलं. तेही शांत झाले, त्यांचंही लक्ष सुधारलं. चहाने तरतरी आली म्हणून निद्रारोग सिद्ध होत नाही.

साखरेबद्दलही दोन शब्द, कारण इंदुरात पोह्यांसोबत जिलेबी असतेच आणि "गोड दिलं की हा उड्या मारतो" हेही ठरलेलंच. १९९४ चा एक प्रयोग आहे. 'साखरेने आमचा मुलगा बिथरतो' असं म्हणणाऱ्या आया निवडल्या. सगळ्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात भरपूर साखर आहे. त्या निम्म्यांना आपला मुलगा जास्त चळवळा वाटला, शिवाय त्या त्याच्याजवळ जास्त घुटमळल्या आणि त्याला जास्त बोलल्या. साखर फक्त कानातून गेली होती! जिलेबी दातांसाठी आवरा. मीठ-मोहरीने नजर काढायची तर काढा, मोहरी तडतडते तेवढा वेळ मूल खिळून बघतं हा फायदा आहेच. फक्त त्यात दोन वर्षं घालवू नका.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, एमआरआय नाही. मघाचा बाणांचा खेळसुद्धा निदान करू शकत नाही, कारण तसं शेपूट इतर काही अवस्थांतही निघतं. बोलून, विचारून, बघूनच ठरवावं लागतं. लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. त्याआधी कान, डोळे, झोप तपासायची. घोरणारं मूलही दिवसा असंच वागतं, आणि अपस्माराचा एक प्रकार तर नुसत्या शून्यात बघण्यासारखा दिसतो. वर्गातल्या वयाचंही बघावं लागतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जानेवारी ते डिसेंबर जन्मलेली मुलं एका वर्गात बसतात. तिथे २०१२ मध्ये दिसलं, की डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा हे निदान मिळत होतं, मुलींना ७० टक्के जास्त वेळा. नुसत्या लहानपणाला आजार ठरवलं जाण्याचा धोका खरा आहे. तीस सेकंदांच्या रीलवर 'किल्ल्या विसरता? मग तुम्हालाही आहे' असं सांगणारे तो रोज वाढवतात.

आणि उलट धोकाही तितकाच खरा. खिडकीतून बाहेर बघत बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिला कुणी कुठे नेत नाही. ती 'स्वप्नाळू' ठरते, मग 'वेंधळी', मग 'संसारात लक्ष नाही'. पुष्कळ बायकांना स्वतःबद्दल कळतं ते मुलाच्या निदानाच्या वेळी, डॉक्टर प्रश्न विचारत असताना. यात नवल नाही. एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के मोजली गेलीय, उंचीच्या जवळपास.

इंदुरापुरती एक गोष्ट. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळलं, तेव्हा घरी मराठी बंद करा, असा सल्ला आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला मिळाला होता. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. अनेक भाषांनी स्वमग्नता येत नाही, एडीएचडीही येत नाही. त्या घरात आजीला हिंदी बेताची, त्यामुळे तिचं आणि नातवाचं बोलणंच थांबलं. वर्षभराने त्यांनी सल्ला सोडून दिला.

तर त्या रविवारी मी भौतिकशास्त्राच्या मास्तरासारखंच वागलो. फूटपट्टी काढली. मी वरून सोडायची, त्याने चिमटीत पकडायची. १५ सेंटिमीटरला पकडली तर ०.१७ सेकंद, २० ला पकडली तर ०.२०, सूत्र नववीचं आहे. माझे आकडे: २१, २२, २०, २३. त्याचे: १५, १६, १४, १५. मामा हरला. पण विसाव्या फेरीपुढे तो कंटाळला, आणि १५, २८, सुटली, १४, परत सुटली. ताई माझ्या खांद्यावरून कागद बघत होती. १४ आणि सुटली, शेजारीशेजारी, एकाच हाताने.

"पुढच्या दहांत एकही सुटली नाही तर सराफ्यात गराडू," मी म्हणालो. (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू म्हणजे तळलेला कंद.)

दहाही पकडल्या. नऊ १४ ते १७ च्या मधल्या, एक १९. हा काही अभ्यास नव्हे; एक मुलगा, एक पट्टी, एक लाच. ताईने तो कागद मात्र निदानाच्या फायलीत लावला.

रात्री दहाला सराफ्यात गेलो, जिरावण मसाला भुरभुरलेले गरम गराडू खाल्ले आणि साडेअकराला परतलो. दारात ताईने विचारलं, "स्वेटर कुठाय याचा?" ठेल्यावर राहिला होता. माझा चष्माही.