मिक्स-तुलना (पॉप सिंगल)

मिक्स-तुलना : एकाच पॉप सिंगलच्या (स्वतंत्रपणे विकलेल्या एका गाण्याच्या) निरनिराळ्या काळातील आवृत्त्यांवर गाण्याचे नेमके कोणते मिश्रण आहे, हे ऐकून आणि मोजून ठरवण्याची पद्धत. यात मिनिटाला ४५ फेऱ्यांची मूळ तबकडी, एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी), संकलने, सीडी आणि वर्धापनदिनाची फेरप्रकाशने असे सगळेच येते. गाण्याचे नाव, गायक आणि वेष्टनावरचे छायाचित्र तेच असते, पण आतले ध्वनिमिश्रण बदललेले असू शकते. १९६० च्या दशकातील ब्रिटिश व अमेरिकन पॉपच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, कारण त्याच दशकात मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) मागे पडून स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा आवाज) पुढे आले आणि बराच काळ दोन्ही शेजारी शेजारी नांदले.

तुलना करताना चार गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांची सरमिसळ झाली की निष्कर्ष चुकतो. पहिली गोष्ट टेक, म्हणजे स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवलेले आणि गायलेले एक सादरीकरण. दुसरी मिक्स : अनेक पट्ट्यांवर स्वतंत्र टिपलेले आवाज एकमेकांच्या प्रमाणात बसवून एका किंवा दोन वाहिन्यांत उतरवणे. तिसरी एडिट, म्हणजे टेप कापून जोडणे किंवा गाणे छोटे करणे. चौथी मास्टरिंग : तयार मिक्स तबकडीवर किंवा सीडीवर नेताना त्याची पातळी, खर्ज आणि तार यांत केलेला बदल. ‘या सीडीवर वेगळा मिक्स आहे’ असे सांगणाऱ्या ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा वेगळे मास्टरिंग ऐकू आलेले असते. मास्टरिंग बदलल्याने आवाजाचा रंग बदलतो. मात्र त्याने खंजिरी नाहीशी होत नाही आणि गायकाचा चुकलेला शब्दही दुरुस्त होत नाही. तसे काही आढळले, तरच मिक्स किंवा टेक वेगळा आहे असे म्हणता येते.

इतके मिक्स जन्माला आले ते त्या काळातल्या कामाच्या पद्धतीमुळे. सिंगल मुख्यतः रेडिओवर आणि छोट्या, एकाच स्पीकरच्या प्लेअरवर ऐकली जाई. त्यामुळे निर्माते आणि ध्वनिमुद्रक आपले सगळे लक्ष मोनो मिक्सवर देत, आणि स्टिरिओ मिक्स नंतर, कित्येकदा कलाकारांच्या गैरहजेरीत, एलपीसाठी उरकला जाई. प्रत्येक मिक्स हाताने केला जाई. कुठली कळ केव्हा वर सरकवायची, प्रतिध्वनी किती द्यायचा, शेवटी आवाज कधी विरू द्यायचा हे त्या त्या दिवशी ठरत असे, म्हणून तोच मिक्स दुसऱ्यांदा जसाच्या तसा होणे शक्यच नव्हते. बीटल्स या ब्रिटिश गटाची ‘गेट बॅक’ ही सिंगल एप्रिल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये मोनोत आणि अमेरिकेत स्टिरिओत निघाली. ब्रिटनमधली त्यांची पहिली स्टिरिओ सिंगल ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’ त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आली. एवढ्या उशिरापर्यंत मोनो हीच सिंगलची मुख्य भाषा होती.

एकाच गाण्याची उतरंड कशी वाढत जाते हे बीटल्सच्याच ‘हेल्प!’वरून चांगले कळते. १९६५ च्या मोनो सिंगलवर मुख्य गायन एक आहे आणि त्याच वर्षीच्या स्टिरिओ मिक्सवर दुसरे. वाद्यांचा गाभा तोच, पण गटाचा गायक जॉन लेनन याचा गळा निराळ्या वेळी टिपलेला. अमेरिकेत याच नावाच्या चित्रपटाच्या एलपीवर गाण्यापूर्वी गुप्तहेरपटाच्या ढंगाचा एक छोटा वाद्यतुकडा जोडलेला होता, आणि १९७३ च्या लाल वेष्टनातील संकलनाच्या अमेरिकन आवृत्तीतही तो तसाच राहिला. त्यामुळे त्या देशातील एका पिढीला तो गाण्याचाच भाग वाटला. १९८७ मध्ये ‘हेल्प!’चा ब्रिटिश अल्बम सीडीवर आणताना निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्याचा नव्याने डिजिटल मिक्स केला. पुढे बरीच वर्षे सीडीवर स्टिरिओ म्हणून हाच मिक्स मिळत होता. ब्रिटिश अल्बमचा १९६५ चा मूळ स्टिरिओ मिक्स सीडीवर आला तो २००९ मध्ये, आणि तोही मोनो संचातील सीडीवर जादा भर म्हणून! २०२३ मध्ये आणखी एक नवा मिक्स आला. म्हणजे ‘हेल्प!’चे स्टिरिओ म्हणताना वर्ष सांगितले नाही, तर बोलणे अर्धेच राहते.

स्टिरिओ मिक्स घाईत झाल्याच्या खुणा बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’मध्ये स्पष्ट ऐकू येतात. जानेवारी १९६३ च्या मोनो सिंगलवर गायन स्वच्छ आहे. फेब्रुवारीत एलपीसाठी स्टिरिओ मिक्स करताना वेगळे टेक जोडले गेले, आणि त्यात शेवटच्या कडव्यात लेनन शब्द चुकतो व लगेच पुढच्या ओळीत त्याला आलेले हसूही टिपले गेले आहे. नवख्याने तुलनेची सुरुवात इथूनच करावी. इथे कानाला कसलेही प्रशिक्षण लागत नाही.

बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’मध्ये फरक मिक्सचा नाही, टेकचा आहे, पण फेरप्रकाशनांनी घातलेला गोंधळ याच गाण्यात सर्वांत मोठा आहे. ४ सप्टेंबर १९६२ रोजी गटाचा ड्रमवादक रिंगो स्टार याने ड्रम वाजवून गाणे ध्वनिमुद्रित झाले. ११ सप्टेंबरला ते पुन्हा झाले तेव्हा ड्रमवर अँडी व्हाइट हा स्टुडिओ वादक होता आणि रिंगोच्या हाती खंजिरी होती. ५ ऑक्टोबरला निघालेल्या पहिल्या सिंगलवर रिंगोचा टेक आहे. १९६३ च्या एलपीवर आणि पुढे सिंगलच्या नंतरच्या छपाईतही व्हाइटचा टेक आला. रिंगोच्या टेकची मास्टर टेप उरली नाही, त्यामुळे पुढे तो टेक प्रसिद्ध करताना जुन्या तबकडीवरूनच उतरवून घ्यावा लागला. १९८८ च्या ‘पास्ट मास्टर्स’ या संकलनावर ऐकू येतो तोही तसाच. ओळखण्याची खूण एका शब्दात सांगता येते : खंजिरी. ती ऐकू आली तर टेक व्हाइटचा.

टेप गहाळ होणे किंवा पुसली जाणे हे मिक्स-तुलनेमागचे मोठे दुःख आहे. १९६३ च्या ‘शी लव्ह्ज यू’ची मूळ दोन पट्ट्यांची टेप नाहीशी झाल्याने केवळ मोनो मिक्स उरला. १९६६ च्या संकलनासाठी त्याचे कृत्रिम स्टिरिओ केले गेले, म्हणजे एका बाजूला खर्जाचा भाग आणि दुसऱ्या बाजूला तार सप्तकाचा भाग जास्त ठेवून एकाच आवाजाचे दोन भास निर्माण केले. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनी असे कृत्रिम स्टिरिओ ‘ड्युओफोनिक’ या नावाने विकत असे. हे ऐकणे सुखद नाही, आणि मूळ मिक्समध्ये बसवलेला तोल त्यात पार मोडतो. ‘पेनी लेन’ बराच काळ अमेरिकन एलपीवर अशाच स्वरूपात होते. खरा स्टिरिओ मिक्स १९७१ मध्ये जर्मनीतल्या आवृत्तीवर आला. याच गाण्याच्या १९६७ मध्ये अमेरिकन रेडिओ केंद्रांना आगाऊ पाठवलेल्या तबकड्यांवर शेवटी ट्रम्पेटचा एक तुकडा आहे, जो विक्रीच्या सिंगलवरून काढून टाकला होता. १९८० मध्ये अमेरिकेत निघालेल्या दुर्मिळ गाण्यांच्या संकलनात स्टिरिओ मिक्सला तो तुकडा जोडून दिला. १९६७ मध्ये असे रूप कुठेच अस्तित्वात नव्हते. फेरप्रकाशन कधी कधी जुने जपत नाही, तर जुन्यासारखे दिसणारे नवेच घडवते, ते असे.

अमेरिकेत बीच बॉइज या गटाची गोष्ट वेगळ्या कारणाने लक्षात राहते. गटाचा गीतकार-निर्माता ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि १९६६ चा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम त्याने मोनोतच पूर्ण केला. पूर्ण अल्बमचा खरा स्टिरिओ मिक्स १९९७ मध्ये मार्क लिनेट यांनी केला. त्यात ‘वुडन्ट इट बी नाइस’च्या मधल्या भागात आवाज विल्सनचा आहे, तर मोनोत तो गटातल्याच माइक लव्हचा होता. मोनोत एकजीव झालेली वाद्ये स्टिरिओत सुटी ऐकू येतात आणि अभ्यासाला ते सोन्यासारखे आहे. पण ती वाद्ये एकजीव व्हावीत हाच मूळ बेत होता, हे विसरून चालत नाही.

प्रत्यक्ष तुलनेत पहिले काम म्हणजे दोन्ही नमुन्यांची आवाजपातळी सारखी करणे. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि १९९० च्या दशकापासूनच्या अनेक सीडी पातळी दाबून मोठ्या केलेल्या आहेत. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे मत कुचकामी ठरते. त्यानंतर वेग पाहावा. टेप यंत्राचा वेग ३ टक्के बदलला की सूर सुमारे पाव स्वराने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याने सरकतो, आणि अडीच मिनिटांच्या गाण्यात साधारण साडेचार सेकंदांचा फरक पडतो. वेग जुळल्याशिवाय गाण्याच्या लांबीवरून काहीही ठरवू नये. मग शेवटचे विरणे ऐकावे. ते हाताने केलेले असल्याने मिक्सची जणू सहीच असते : आवाज कुठल्या शब्दावर उतरू लागतो, शेवटचा ऐकू येणारा ठोका कोणता. तरीही सावध राहावे, कारण नंतरच्या मास्टरिंगमध्ये ते आधीच आवरते घेतले जाऊ शकते. नमुना मूळ मिक्सपेक्षा आखूड असेल तर पुरावा कच्चा मानावा. लांब असेल तर पक्का.

संगणकावर दोन युक्त्या उपयोगी पडतात. डाव्या वाहिनीतून उजवी वजा केली तर खऱ्या मोनोत जवळपास शांतता उरते. कृत्रिम स्टिरिओत विचित्र, पोकळ अवशेष उरतो. खऱ्या स्टिरिओत कडेला ठेवलेली वाद्ये उरतात. दुसरी युक्ती म्हणजे एका नमुन्याची लाट उलटी करून दुसऱ्यात मिसळणे. एकाच डिजिटल मास्टरच्या दोन प्रती असतील तर सर्व काही नाहीसे होते. टेपवरून किंवा तबकडीवरून स्वतंत्रपणे उतरवलेल्या प्रतींत मात्र वेग क्षणोक्षणी हलत असल्याने ही चाचणी फसते, आणि काही उरले म्हणून मिक्स वेगळा, असा अर्थ काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. तबकडीच्या बाबतीत लेबलपेक्षा आतल्या कडेच्या कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक अधिक विश्वासाचा. लेबल तेच ठेवून कारखान्यात नवे मास्टर लागले, तर बदल तिथे दिसतो.

कोणता मिक्स ‘खरा’ यावर एकमत नाही. मार्च १९७० च्या बीटल्सच्या ‘लेट इट बी’ सिंगलमध्ये गिटारचा मधला तुकडा सौम्य आहे, तर दोन महिन्यांनी आलेल्या एलपीवर, त्याच मूळ टेकवर, तो धारदार आहे. दोन्हींना जाणकार चाहते आहेत. तरी सिंगल म्हणून जे लोकांनी रेडिओवर ऐकले आणि विकत घेतले, त्या मिक्सला इतिहासात पहिला मान दिला पाहिजे, आणि फेरप्रकाशनाने वेष्टनावर मिक्सचे वर्ष छापले पाहिजे. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या सिंगल्सचे २००५ पासून खंडाखंडाने निघालेले संच या दृष्टीने आदर्श आहेत, कारण त्यांनी एलपीवरचे स्टिरिओ न घेता सिंगलची मूळ मोनो रूपे शोधून दिली.

अलीकडे यंत्रशिक्षणाने मोनो टेपमधूनही गळा, ड्रम व गिटार सुटे करता येऊ लागले आहेत. २०२३ मध्ये ‘शी लव्ह्ज यू’चा खरा म्हणावा असा स्टिरिओ मिक्स याच मार्गाने तयार झाला. असे मिक्स तपासताना गळ्यामागे राहिलेली झांजेची पाणीदार सळसळ ऐकावी. वेगळे करण्याच्या प्रक्रियेची खूण तिथेच पहिल्यांदा सापडते.