परवाना ठरवण्याआधी कोड कशाशी जोडलाय ते बघा

ऑक्टोबर 1998 मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने केडीई हा डेस्कटॉप (खिडक्या-मेनूंचं वातावरण) आपल्या प्रोग्रामांच्या भांडारातून काढून टाकला. केडीईचा कोड खुला होता, बहुतेक भागावर जीपीएल हा खुल्या सॉफ्टवेअरचा परवाना होता, तरीही. घोडं अडलं होतं एका लायब्ररीपाशी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडपाशी. पडद्यावर बटणं, मेनू, खिडक्या दाखवणारी ‘क्यूटी’ ही लायब्ररी नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची. तिचा कोड वाचता यायचा, ती फुकट वापरताही यायची. बदल करून पुढे वाटायची मात्र मुभा नव्हती.

जीपीएल सांगतो की तयार प्रोग्राम वाटायचा असेल, तर त्यात जोडलेल्या सगळ्या भागांचा कोड त्याच अटींवर द्या. कंपायलर, कर्नल अशा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागांना सूट आहे, पण तो भाग प्रोग्रामच्या सोबतच दिला की तीही जाते. मूळ लेखकाला यात काहीच अडत नाही, कारण स्वतःच्या कोडबाबत तो स्वतःच्या परवान्याने बांधलेला नसतो. अडकतो तो पुढे वाटणारा. एक परवाना म्हणतो सगळं द्या, दुसरा म्हणतो देऊ नका.

यावर जुना आणि सरळ उपाय आहे. परवान्याच्या फाइलमध्ये एक परिच्छेद वाढवायचा: ‘हा प्रोग्राम जीपीएलखाली आहे, शिवाय अमुक लायब्ररीशी जोडून तो वाटायला कॉपीराइटधारकांची परवानगी आहे.’ 2007 च्या जीपीएल 3 मध्ये अशा जादा परवानग्यांसाठी सातवं कलमच आहे.

पण ही परवानगी ज्याचा कोड आहे त्यानेच द्यायची असते. केडीईच्या काही प्रोग्रामांत इतरांनी पूर्वी लिहिलेला जीपीएल कोड होता, आणि त्यांच्या वतीने केडीईवाल्यांना बोलता येत नव्हतं. म्हणून हा परिच्छेद पहिल्याच दिवशी लिहावा, बाहेरच्या कुणाचा पहिला पॅच (कोडमधला बदल) घेण्याआधी. उशीर झाला तर काय करावं लागतं ते व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या प्रकल्पाने पाहिलं आहे. त्यांना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर यायचं होतं, तेव्हा जुन्या लेखकांना शोधून एकेकाची संमती घ्यावी लागली. इंजिनाचं काम 2011 च्या अखेरीस झालं, बहुतेक मॉड्यूल्सना 2012 उजाडलं.

बंदिस्त लायब्ररी तुमच्या प्रोग्रामचा कणाच असेल, तर नुसता जीपीएल लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एमआयटी, बीएसडी किंवा अपाची परवान्यात सगळा कोड द्या अशी अट नाही, त्यामुळे हा पेच मुळातच येत नाही. मात्र परवाना कुठलाही घेतला तरी ती लायब्ररी स्वतःच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) टाकायचा हक्क त्यातून मिळत नाही. तो तिच्या मालकाच्या अटींत शोधावा लागतो. नसेल, तर रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहा की ती कुठून घ्यायची आणि कुठली आवृत्ती चालते. स्वतः खुले, पण बंदिस्त भागावर अवलंबून असलेले प्रोग्राम डेबियन आजही ‘कॉन्ट्रिब’ या वेगळ्या विभागात ठेवतं.

क्यूटीची गाठ सुटली सप्टेंबर 2000 मध्ये. ट्रोलटेकने 2.2 आवृत्ती जीपीएलखालीही दिली आणि केडीई डेबियनमध्ये परत आला.