स्टिरिओ स्लाइड छायाचित्रण : काटेकोरपणा आणि हौस

एकाच दृश्याची थोड्या वेगळ्या जागांवरून टिपलेली दोन चित्रे पारदर्शिकांच्या (स्लाइडच्या) रूपात एका चौकटीत शेजारी-शेजारी बसवून ती दर्शकातून (पाहण्याच्या उपकरणातून) किंवा पडद्यावर खोलीसह पाहण्याचे तंत्र. माणसाच्या दोन डोळ्यांतील अंतर सरासरी ६३ ते ६५ मिमी. असते, चित्रे घेतानाही साधारण तेवढेच अंतर ठेवतात. या छंदात दोन प्रवृत्ती आढळतात : जोडी बसवताना दशांश मिलिमीटरचा हिशेब ठेवणारे काटेकोर आणि खोली दिसली की समाधान मानणारे हौशी. हा भेद स्वभावाचा समजतात. प्रत्यक्षात तो बराचसा पाहण्याच्या साधनातून आलेला दिसतो.

उगम : चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे द्विनेत्री दृष्टीवरील निबंध व आरशांचा दर्शक मांडला. उपकरण त्यांनी सुमारे १८३२ मध्येच करवून घेतले असावे. छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाल्यामुळे पहिल्या जोड्या रेखाचित्रांच्याच होत्या. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांचा सुटसुटीत दर्शक सुचविला. पॅरिसमध्ये ड्यूबॉस्क यांनी बनविलेले तसे दर्शक लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात गाजले. त्यानंतर मूळ कल्पना आधी कोणाची, हा अग्रमानाचा वाद पेटला. ब्रूस्टर यांनी एडिंबरोचे जेम्स एलियट यांचे नाव पुढे केले आणि १८५६ मध्ये ब्रूस्टर व व्हीट्स्टन यांच्यामध्ये ‘द टाइम्स’च्या स्तंभांतून खरमरीत पत्रव्यवहार झाला. पुढे फ्रान्समधील लील येथील संग्रहालयातील, फ्लॉरेन्सचा चित्रकार याकोपो किमेंटी याच्या दोन जवळजवळ सारख्या चित्रांचा दाखला देऊन ही कल्पना दोनअडीचशे वर्षे जुनी असल्याचेही ब्रूस्टर सांगू लागले. मात्र त्या चित्रांतील फरक सर्वत्र खोलीशी सुसंगत नाहीत, ते नक्कल करताना झालेले फरक असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तत्त्व व्हीट्स्टन यांचे आणि लोकप्रियता ब्रूस्टर यांच्या भिंगांमुळे, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल.

साधने : रंगीत पारदर्शिकांचे युग कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मपासून सुरू होते, ती ३५ मिमी. कॅमेऱ्यांसाठी १९३६ मध्ये आली. सात जोड्यांची गोल चकती असलेला व्ह्यू-मास्टर १९३९ चा. अनेक घरांत स्टिरिओची पहिली ओळख त्यानेच झाली. अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ मध्ये स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा बाजारात आणला आणि हा छंद सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. त्याच्या भिंगांतील अंतर सुमारे ७० मिमी. व प्रत्येक चित्राची रुंदी फिल्मच्या कडेच्या पाच छिद्रांएवढी असते. त्यामुळे फिल्मवर एका जोडीच्या दोन चित्रांमध्ये दुसऱ्या जोड्यांची दोन चित्रे येतात. कापताना अदलाबदल झाली आणि डावे-उजवे उलटले, की जवळचे दूर व दूरचे जवळ दिसते. ही चूक मात्र हौशी मंडळीही खपवून घेत नाहीत.

काटेकोरपणाची मोजमापे : मुख्य दोष तीन. उभ्या दिशेने चित्रे वर-खाली होणे, एखादे चित्र किंचित फिरणे आणि ‘खिडकी’ (जिच्यातून दृश्य पाहत असल्यासारखे वाटते ती चौकट) बिघडणे, म्हणजे चौकटीच्या कडेने कापलेली वस्तू चौकटीच्या अलीकडे येणे. पारदर्शिकेवर ०.१ मिमी. एवढा उभा फरक हातातल्या दर्शकात डोळा सहज सांभाळून घेतो. तीच २३ मिमी. उंचीची पारदर्शिका दोन मीटर उंच पडद्यावर टाकली, की फरक सुमारे ९ मिमी. होतो आणि ध्रुवित चष्मा (प्रत्येक डोळ्याला त्याचेच चित्र दाखवणारा) लावून बसलेल्या प्रेक्षकांचे डोळे ताणले जातात. म्हणून प्रक्षेपणासाठी काटेकोरपणा अपरिहार्य आणि घरी चारचौघांत फिरणाऱ्या दर्शकासाठी तो बव्हंशी ऐच्छिक. खिडकीबाबतही तारतम्य हवे : डाव्या-उजव्या कडेला बिघडलेली खिडकी खटकते, खालच्या कडेची फारशी नाही.

सातारा परिसर : जवळात जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग दोन भिंगांमध्ये ठेवावा, या प्रचलित नियमाने रिअलिस्टसाठी ती वस्तू किमान २.१ मी. दूर हवी. कासच्या पठारावर हा नियम लगेच अडचणीचा ठरतो. सीतेची आसवे किंवा तेरडा ३० सेंमी.वरून घ्यायचा तर अंतर केवळ १ सेंमी. हवे, दोन भिंगांचा कॅमेरा निरुपयोगी. साधा कॅमेरा सरकपट्टीवर १ सेंमी. सरकवून दोनदा चित्र घ्यावे लागते. तेवढ्यात पठारावरच्या वाऱ्याने फूल हलते आणि जोडीत ते डोळ्यांसमोर थरथरते. चार-पाच जोड्या घेऊन निवड करणे, हा हौशी उपाय येथे पट्टीच्या अचूकतेपेक्षा उपयोगी पडतो. लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीत, काठाचा दगड व तळचे पाणी यांतील अंतरामुळे नियम पाळणे अवघड. दगड खालच्या कडेला घेतल्यास चित्र निभावते.

याउलट यवतेश्वरच्या बाजूने अजिंक्यतारा घेताना ७० मिमी. अंतराने डोंगर सपाटच दिसतो. रस्त्याने काही मीटर सरकून दुसरे चित्र घेतल्यास खोली उठते, पण किल्ला दिवाळीत अंगणात मांडलेल्या मातीच्या किल्ल्याएवढा वाटू लागतो. काटेकोर मंडळी याला विकृती म्हणतात. पोरांना तेच आवडते, आणि तटाचे वळण समजायला हीच जोडी बरी.

जतन : पारदर्शिका सपाट राहावी म्हणून जाणकार काचेच्या चौकटीची शिफारस करतात. जावळी-महाबळेश्वरकडच्या पावसाळी हवेत मात्र बंद काचांमध्ये ओल अडकून बुरशी धरते; शिवाय फिल्म काचेला चिकटून न्यूटनची वलये (रंगीत कडी) दिसतात. पुठ्ठ्याची चौकट, घट्ट झाकणाचा डबा व सिलिका जेलची पुडी एवढ्यावर येथे अधिक भरवसा ठेवता येतो. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. जुन्या जोड्या स्कॅन करून संगणकावर जुळवल्या, तर उभा फरक व फिरणे हे दोन दोष आपोआप दुरुस्त होतात. खिडकी कोठे ठेवायची, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.