बोअरचं जड पाणी आणि अणुभट्टीतलं जड पाणी

बोअरच्या पाण्यात तूरडाळ लावली की सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाने चेपत नाही. "पाणी जड आहे," असं आपण म्हणतो. तारापूरच्या अणुभट्टीबद्दल वाचताना पुन्हा तेच, 'जड पाणी'. इंग्रजीत मात्र ही दोन नावं आहेत, हार्ड वॉटर आणि हेवी वॉटर, आणि त्या दोन पाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. हे झालं हार्ड वॉटर. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन सुटायला हवं, पण पाण्यातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं. तेच कॅल्शियम साबणाला धरतं, म्हणून फेसाऐवजी बादलीच्या कडेला राखट साय जमते. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थरही त्याचाच. वजनात मात्र फरक कळत नाही. लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार धरले, तरी दहा लिटरच्या बादलीत ते पाचच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा.

हेवी वॉटर खरोखरच वजनाने जड. त्यात क्षार नसतात, तर हायड्रोजनच वेगळा असतो. त्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉनही असतो. हा ड्युटेरियम हॅरोल्ड युरी यांनी 1931 मध्ये शोधला आणि 1934 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. या पाण्याचा एक लिटर सुमारे 1.1 किलो भरतो. ते 3.8 अंश सेल्सिअसलाच गोठतं आणि त्याच्या बर्फाचा खडा साध्या पाण्यात तळाला जातो! अणुभट्टीत ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, पण न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. त्यामुळे तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. अलिबागजवळ थळला या पाण्याचा कारखानाच आहे.

पाठ्यपुस्तकात हार्ड वॉटरला 'दुष्फेन' म्हणतात, फेस न येणारं. मला हा शब्द फार आवडतो, कारण पाणी ओळखायची खूण त्यातच आहे. ड्युटेरियम तर आपल्या नळाच्या पाण्यातही असतो, साधारण 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक. आणि शुद्ध हेवी वॉटरमध्ये कॅल्शियम नसल्यामुळे साबणाला फेस अगदी छान येईल.